राजवाड्यात हसायला बंदी आहे का?

गेल्या रविवारी मामाकडे नौपाड्याला गेले होते. मामी आत साबुदाणा वडे तळत होती, मी सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाईलवर पुस्तक वाचत होते आणि मधेच फिस्सकन हसले.

"काय गं, कुणाचा मेसेज?" मामा.

"मेसेज नाही रे, पुस्तक. एका राजघराण्यातल्या मुलीच्या घरी बाथटबमध्ये प्रेत सापडलंय."

मामाने पेपर खाली ठेवला. "प्रेत सापडलंय आणि तू हसतेयस?"

मग मी त्याला थोडक्यात गोष्ट सांगितली. ऐकून त्याने एक सुस्कारा सोडला, उठून काचेच्या कपाटातून एक उशीएवढी ऐतिहासिक कादंबरी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "राजवाड्यातलंच वाचायचंय ना? मग हे वाच. इंजिनियर झालीस, आता जरा वाचनाची इयत्ता वाढव."

ती कादंबरी मी नववीतच वाचली होती, त्याच कपाटातून नेऊन. आवडलीही होती. पण हा टोमणा काही मला नवीन नाही. हापिसात आमच्या टीममध्ये एक महाशय आहेत, ते फक्त 'आयुष्य बदलणारी' पुस्तकं वाचतात (वर्षाला बावन्न, एक्सेल शीटमध्ये नोंद करून). त्यांनी माझ्या वाचनाला 'गिल्टी प्लेझर' असं नाव ठेवलंय. गिल्टी कशाबद्दल हो? खून मी केलाय का?

तर मंडळी, आज हा खटला लढवायचाच असं ठरवलंय.

आधी आरोपीची ओळख. इंग्रजीत 'कोझी मिस्टरी' म्हणून एक प्रकार आहे. मी त्याला गोधडीतली रहस्यकथा म्हणते. यात खून होतो, पण पडद्याआड. रक्ताचे पाट नाहीत, पोस्टमॉर्टेमचं साग्रसंगीत वर्णन नाही. संशयित मोजके, सगळे एकाच घरातले नाहीतर गावातले. तपास करणारी व्यक्ती पोलिसातली नसते, नुसती भोचक असते. खाण्यापिण्याची वर्णनं भरपूर. आणि शेवटी गुन्हेगार सापडतोच. यात घर म्हणजे राजवाडा असेल आणि लिहिणाऱ्याला विनोदाचं अंग असेल, तर माझा शनिवार-रविवार गेलाच म्हणून समजा.

मी वाचत होते ते ऱ्हीस बोवेन या लेखिकेचं 'हर रॉयल स्पायनेस', २००७ सालचं. काळ १९३२. नायिका जॉर्जी ही ब्रिटिश राजघराण्यातली, गादीच्या वारसांच्या रांगेत तिचा नंबर ३४वा. पण खिशात दमडी नाही. एकविशी झाल्यावर भावाने महिन्याचे पैसे बंद केलेत. लंडनला एकटी येऊन राहते तर बाईसाहेबांना शेगडी पेटवता येत नाही! शेवटी पोटासाठी ती खरी ओळख लपवून लोकांच्या घरी साफसफाईची कामं घेते. इकडे राणी मेरी तिला बोलावून सांगते की आमच्या थोरल्या चिरंजीवांवर आणि त्या अमेरिकन बाईवर जरा लक्ष ठेव. आता बोला! या मालिकेची पंधराच्या वर पुस्तकं निघालीत.

दुसरी माझी लाडकी मालिका एस. जे. बेनेट यांची. पहिलं पुस्तक 'द विंडसर नॉट', २०२०. यात साक्षात राणी एलिझाबेथ गुप्तहेर आहे. साल २०१६, नव्वदावा वाढदिवस तोंडावर आलेला, आणि विंडसरच्या किल्ल्यात मुक्कामाला आलेला एक तरुण रशियन पियानोवादक कपाटात मेलेला सापडतो. मोठमोठे अधिकारी हेरगिरीचे महान सिद्धांत मांडतात. म्हातारी "हो का?" म्हणून ऐकून घेते आणि आपल्या सहायक सचिव रोझीला हाताशी धरून गुपचूप खरं काय ते शोधते. शेवटी साहेब लोकांना वाटतं की केस आपणच सोडवली. ज्या बाईने कधी मीटिंगमध्ये स्वतःचीच कल्पना दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलीय तिला यातली गंमत वेगळी समजावून सांगायला नको :)

आता आरोप घेऊ.

आरोप क्रमांक एक: हा टाइमपास आहे. मान्य. पुढे?

नाही, खरंच पुढे काय? कल्याण-डोंबिवलीहून रोज सकाळी लेडीज डब्यात एका पायावर उभं राहून घाटकोपर गाठणाऱ्या बाईने कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान अस्तित्ववाद वाचावा अशी अपेक्षा नेमकी कोणाची आहे? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाडवर महाराष्ट्रातल्या पिढ्या वाचायला शिकल्या. सुहास शिरवळकरांची पुस्तकं कॉलेजातल्या पोरांनी वर्गात बाकाखाली धरून वाचली. पण साहित्याच्या चर्चेत ही नावं निघाली की एकतर गप्प बसायचं नाहीतर 'वाचकप्रिय' म्हणून बोळवण करायची. वाचकाला प्रिय असणं हा आपल्याकडे किरकोळ गुन्हा आहे. असो.

आरोप क्रमांक दोन जास्त गंभीर आहे आणि तो मामाने केला होता. प्रेत सापडलंय आणि तू हसतेस?

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. काही जण मेले. त्या दिवशी आमच्या लाइनवरच्या प्रत्येक घरात फोन वाजत होते, माझाही वाजला. "निघालीस का? पोचलीस का?" दोन दिवस बातम्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी तीच गर्दी, तेच दार. आपल्याकडे माणूस मरतो तेव्हा त्याचा आकडा होतो. कोण होता, कुठे निघाला होता, कोणामुळे मेला, हे विचारायला कोणाला वेळ नसतो.

गोधडीतल्या रहस्यकथेत एक माणूस मेला की सगळा राजवाडा थांबतो. तो माणूस अगदी नीच का असेना (बऱ्याचदा असतोच!). तो कोण होता, शेवटचं काय खाल्लं, कोणाशी भांडला, सगळं विचारलं जातं. उत्तर मिळेपर्यंत पुस्तक संपत नाही. मी हसते ते प्रेताला नाही. त्या प्रेताभोवती आपली इभ्रत सावरत धावणाऱ्या ड्यूक, डचेस आणि बटलर मंडळींना हसते. माझ्या मते यात मेलेल्याचा मान जास्त राखला जातो. निदान पेपरातल्या आतल्या पानापेक्षा तरी नक्कीच.

आरोप क्रमांक तीन मीच माझ्यावर करते, कारण तो मला खरंच टोचतो. डोंबिवलीच्या मुलीने इंग्रजांच्या राजघराण्याच्या गमतीजमतीत का रमावं? जॉर्जी १९३२ साली लंडनमध्ये चहा-केकची पंचाईत सोसत होती, तेव्हा गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. त्याच सप्टेंबरात तिथे उपोषण आणि पुणे करार झाला. जॉर्जीच्या घराण्याच्या झुंबरांचे पैसे कुठून येत होते हे तिला माहीत नाही आणि पुस्तकालाही फारसं पडलेलं नाही. हा आरोप मला मान्य आहे. यावर माझ्याकडे सफाई नाही.

पण मग प्रश्न असा आहे की आपले राजवाडे कुठे आहेत?

म्हणजे राजवाडे आहेत हो. आत्ताचा पालघर जिल्हा २०१४ पर्यंत आमच्या ठाणे जिल्ह्यातच होता, आणि त्यात जव्हार हे चक्क एक संस्थान होतं, मुकणे घराण्याचं. पावसाळ्यात डोंबिवलीकर गाड्या काढून तिथे जातात, जयविलास राजवाड्यासमोर सेल्फी काढतात आणि परत येतात. कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, सावंतवाडी... संस्थानांचं पीक होतं आपल्याकडे. यातल्या एखाद्या वाड्यात बेतलेली, हसवणारी, जेवणावळी आणि भाऊबंदकीने भरलेली रहस्यकथा मराठीत? माझ्या वाचनात आलेली नाही. सह्याद्रीतल्या संस्थानावर लिहिलं कोणी, तर अमेरिकेत राहणाऱ्या सुजाता मॅसी यांनी, इंग्रजीत. 'द सातापूर मूनस्टोन', २०१९. संस्थान काल्पनिक आहे. पडद्यातल्या दोन राण्यांचं भांडण, आणि त्यांच्याशी बोलायला पुरुष वकील चालत नाही म्हणून मुंबईहून गेलेली पारशी वकील परवीन मिस्त्री. ही परवीन ज्यांच्यावरून सुचली त्यांपैकी एक कॉर्नेलिया सोराबजी, त्यांचा जन्म नाशिकचा! पुस्तक छान आहे, पण गंभीर आहे. सह्याद्री आपला, पाऊस आपला, प्रेरणा नाशिकची, आणि आपण मात्र काचेच्या कपाटाला कुलूप लावून बसलोय.

कच्चा माल कमी आहे असं म्हणू नका. एकच उदाहरण देते.

स्थळ बडोदा. गायकवाडांचं मराठी राज्य. तारीख ९ नोव्हेंबर १८७४. इंग्रजांचा रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून येतो. टेबलावर नेहमीप्रमाणे पपनसाचं सरबत. दोन-तीन घोट घेतो, चव बरी लागत नाही म्हणून उरलेलं बाहेर फेकून देतो. मग पेल्याच्या तळाशी काळपट गाळ दिसतो. डॉक्टर तपासतात. सोमल! आणि वर कसलीशी चकचकीत पूड. हिऱ्याची असावी असा बोभाटा.

संशयित नंबर एक, महाराज मल्हारराव. का? तर फेअरशी त्यांचा उभा दावा. पण आता गंमत बघा. आठवडाभर आधीच, २ नोव्हेंबरला, महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता धाडला होता की या माणसाला इथून हलवा. आणि त्या महिन्याच्या शेवटाला व्हाइसरॉयने फेअरला खरंच हलवलं. म्हणजे अर्जाचा निकाल आपल्या बाजूने लागण्याची शक्यता असताना कोणी सरबतात विष कालवेल का? की उत्तराची वाट बघण्याइतका धीर महाराजांना नव्हता? त्यात भर म्हणजे तेव्हा बडोद्याचे दिवाण कोण, तर दादाभाई नौरोजी! एखाद्या कादंबरीकाराने हे सुचवलं असतं तर संपादक म्हणाला असता, जरा अति होतंय.

मुंबईहून पोलीस कमिशनर सूटर तपासाला आले. रेसिडेन्सीचा हवालदार रावजी याच्या पट्ट्यात पुडी सापडली. (ती आधीपासून होती की नंतर 'सापडवली', यावर पुढे वकिलांनी रण माजवलं.) जमादार नरसू, महाराजांचा खाजगी कारभारी दामोदरपंत, सगळे बोलू लागले. महाराजांनी बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन नावाचा नामांकित बॅरिस्टर आणला. १८७५ साली चौकशी आयोग बसला, तीन गोरे आणि तीन हिंदी सदस्य. त्यात ग्वाल्हेरचे शिंदे आणि जयपूरचे महाराज, शिवाय सर दिनकरराव. निकाल? तीन विरुद्ध तीन! गोरे म्हणाले दोषी, हिंदी म्हणाले सिद्ध झालं नाही. मग सरकारने काय केलं? विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरकारभार या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला धाडलं. आमच्या भाषेत सांगायचं तर रूट कॉज सापडलं नाही, पण तिकीट क्लोज. मग नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या एका मुलाला दत्तक घेतलं, ते पुढे सयाजीराव महाराज झाले.

म्हणजे दीडशे वर्षांनंतरही ही केस उघडीच आहे. आणि या सगळ्याच्या मध्यभागी कोण आहे? पेला भरणारा, पेला आणून ठेवणारा, दारावर उभा असलेला माणूस. इतिहास महाराजांचं आणि व्हाइसरॉयचं पुढे काय झालं ते तपशीलवार सांगतो. सरबत करणाऱ्यांची बाजू कोण सांगणार? ती सांगायला गोधडीतल्या रहस्यकथेसारखं दुसरं साधन नाही. तिथे स्वयंपाकघर हेच मुख्यालय असतं आणि आचारी, कुळंबिणी, मोतद्दार यांना राजापेक्षा जास्त माहिती असते.

आणि या नाट्यातला माझा सगळ्यात आवडता योगायोग पुढेच आहे. चिमणराव-गुंड्याभाऊंचे जनक चिं. वि. जोशी बडोद्यालाच होते. पालीचे प्राध्यापक, आणि बडोदा सरकारचे राजदफ्तरदारही. म्हणजे मराठीतला एक अव्वल विनोदी लेखक एका राजघराण्याच्या कागदपत्रांच्या राशीवर बसला होता! चिमणराव आणि गुंड्याभाऊ सरबताचा तपास करायला निघालेत अशी नुसती कल्पना करा. गुंड्याभाऊ दंड थोपटून हवालदाराला जाब विचारतोय आणि चिमणराव मागे उभा राहून "अरे, हळू" म्हणतोय.

अजून एक. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे असे भोक्ते की संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे. शिवाय १९३९ साली त्यांच्या संस्थानात स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली, जिथे कैदी भिंतीविना राहत ('दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचला). माणूस थोर होता यात वादच नाही, आपल्या हाताने सत्ता लोकांना देऊन टाकणारा राजा रोज भेटत नाही. पण जरा बघा: वाड्यात खून, पहाटे सगळे अंगणात सूर्यनमस्कार घालतायत, त्या दिवशी रांगेत कोण नव्हतं? आणि पंचक्रोशीत खुले कैदी! कथानक आपल्या पायाने चालत येतंय. अशा कथेने राजेसाहेबांचा मान कमी होईल? मला तरी ते धाप न लागता चालत आलेले, जिवंत दिसायला लागले.

मग हे आपण का लिहीत नाही? माझं उत्तर असं आहे की राजवाड्यात शिरताना आपण चपला बाहेर काढतो आणि चपलांबरोबर हसूही बाहेर ठेवतो. राजा म्हटलं की एकतर पूजा नाहीतर शिव्या. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने १९७२ साली पेशवाईकडे वाकड्या नजरेने पाहिलं तर केवढा गहजब झाला. गंमत म्हणजे हा गंभीरपणा सगळ्या मराठी माणसांचा नाही. आपल्या वगात राजा पहिल्यापासून बावळट, प्रधान लबाड आणि हवालदार सगळ्यांच्या वरचढ. 'विच्छा माझी पुरी करा' बघून महाराष्ट्र लोळून हसला. म्हणजे तंबूत राजाला हसायला परवानगी होती, काचेच्या कपाटात नव्हती.

या गंभीरपणाची किंमत काय होते ते शनिवारवाड्यात दिसतं. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रात खाडाखोड करून 'ध'चा 'मा' झाला म्हणतात, म्हणजे रहस्यकथेला लागणारा पुरावाही तयार. रामशास्त्र्यांनी न घाबरता तपास केला आणि थेट राघोबाकडे बोट दाखवलं. आपण काय लक्षात ठेवलं? रात्री किंकाळ्या ऐकू येतात ते. ज्या वाड्यात एका माणसाने सत्तेसमोर उभं राहून तपास केला, तिथे आपण भूत बसवलं. भुतापुढे नुसतं घाबरायचं असतं, प्रश्न विचारायचे नसतात.

माझं म्हणणं इतकंच. खुनाचा तपास आणि विनोद, दोन्हीला एकच गोष्ट लागते: समोरच्या महाराजांना आधी माणूस समजणं. पोट बिघडणारा, पैसे उसने घेणारा, बायकोला घाबरणारा, खोटं बोलणारा माणूस. एकदा तसं पाहता आलं की त्याला हसताही येतं आणि "काल रात्री आपण कुठे होता?" असं विचारताही येतं. जिथे हसायला बंदी, तिथे हा प्रश्नही विचारता येत नाही. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली गेले, पण ही सवय काही गेली नाही. मग ती राजवाड्यापुरती राहत नाही, नगरसेवकापासून हापिसातल्या व्हीपीपर्यंत सगळीकडे आपण चपला बाहेर काढत फिरतो. तेव्हा मी शनिवारी दुपारी गोधडीत पडून जे करते त्याला टाइमपास म्हणा, मी सराव म्हणते.

मामाशी हे सगळं त्या दिवशी वड्यांच्या साक्षीने बोलून झालं. तो काही बोलला नाही. मी ती उशीएवढी कादंबरी मुकाट्याने पिशवीत घातली (मामीने वरून वडे घातले) आणि घरी आले.

बुधवारी रात्री साडेदहाला त्याचा फोन.

"झोपलीस का गं?"

"नाही. काय झालं?"

"काही नाही. ते सरबत... टेबलावर किती वेळ ठेवलेलं होतं?"